२६ जुलै १९०२ (कोल्हापूर संस्थान)

२६ जुलै १९०२ हा कोल्हापूर संस्थानाच्या प्रशासकीय व सामाजिक इतिहासातील एक महत्त्वाचा दिवस होय. या दिवशी (शनिवार) करवीर सरकारच्या गॅझेटात छत्रपती शाहू महाराजांच्या सरकारचा एक आदेश प्रसिद्ध झाला. संस्थानाच्या नोकरीत यापुढे रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी ५० टक्के जागा मागासलेल्या वर्गांतील उमेदवारांनी भराव्यात, असे त्यात फर्मावले होते. शासकीय नोकऱ्यांत मागास वर्गांसाठी निश्चित प्रमाणात जागा राखून ठेवण्याचा भारतातील पहिला आदेश म्हणून तो सर्वसाधारणपणे ओळखला जातो. मराठी लेखनात त्याचा उल्लेख ‘आरक्षणाचा जाहीरनामा’ असाही आढळतो. मूळ आदेशात मात्र ‘आरक्षण’ हा आज रूढ असलेला शब्द नव्हता.

पार्श्वभूमी

कोल्हापूर हे दक्षिण महाराष्ट्रातील सर्वांत मोठे मराठा संस्थान होते. १९०१ च्या जनगणनेनुसार त्याची लोकसंख्या सुमारे ९ लाख १० हजार होती. कागलच्या घाटगे घराण्यातील यशवंतराव यांना १७ मार्च १८८४ रोजी दत्तक घेऊन शाहू हे नाव देण्यात आले आणि २ एप्रिल १८९४ रोजी त्यांच्या हाती राज्यकारभाराची पूर्ण सूत्रे आली. त्या वेळी ते वीस वर्षांचेही नव्हते.

सूत्रे हाती घेताना त्यांना मिळालेल्या नोकरवर्गाची रचना अतिशय एकांगी होती. सर्वसाधारण प्रशासनातील ७१ अधिकाऱ्यांपैकी ६० ब्राह्मण होते. कारकुनांच्या सुमारे ५०० जागांपैकी अवघ्या १० जागांवर ब्राह्मणेतर होते. याची कारणे केवळ पक्षपातात शोधून चालत नाही. पेशवाईपासून लेखणीचे व्यवसाय ठरावीक जातींकडे होते, इंग्रजी शिक्षणाचा लाभही प्रथम त्यांनीच घेतला आणि एकदा कचेरी एका वर्गाच्या हाती गेल्यावर उमेदवारीवर नातलगांची व ओळखीच्यांची वर्णी लागत गेली. खेड्यातील रयतेच्या दृष्टीने सरकार म्हणजे गावचा कुलकर्णी आणि तालुक्याच्या कचेरीतील कारकून. जमिनीची नोंद, सारा, तगाई, दावा यांपैकी कोणतेही काम त्यांच्या लेखणीवाचून पुढे सरकत नसे. म्हणून नोकऱ्यांचा प्रश्न हा केवळ पगाराचा नव्हता, तर सत्ता प्रत्यक्षात कोणाच्या हातून चालते याचा होता.

आदेशापूर्वी महाराजांनी दोन मार्ग चोखाळून पाहिले होते. पहिला, निवडक नेमणुकांचा. १८९५ मध्ये भास्करराव विठोजीराव जाधव यांना संस्थानाच्या सेवेत घेण्यात आले. उच्चशिक्षित मराठा तरुणाला जबाबदारीच्या जागेवर नेमण्याचे हे आरंभीचे उदाहरण होते. जाधव पुढे मुंबई प्रांताचे मंत्री झाले. परंतु अशा नेमणुका हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच राहिल्या, कारण पदवीधर ब्राह्मणेतर उमेदवारच दुर्मीळ होते.

दुसरा मार्ग शिक्षणाचा होता. १८९६ मध्ये राजाराम कॉलेजच्या विद्यार्थ्यांसाठी सर्व जातींना खुले असे वसतिगृह काढण्यात आले. नाव सर्वांचे असले तरी काही वर्षांत तेथे बहुतेक ब्राह्मण विद्यार्थीच उरले. या अनुभवानंतर १८ एप्रिल १९०१ रोजी व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंगची स्थापना झाली व त्याच वर्षी जैन विद्यार्थ्यांसाठीही वसतिगृह निघाले. पुढे मुसलमान, लिंगायत, शिंपी, दैवज्ञ इत्यादी समाजांच्या वसतिगृहांना महाराजांनी जागा व उत्पन्न तोडून दिले आणि कोल्हापूरला ‘वसतिगृहांची जननी’ असे म्हटले जाऊ लागले. खुल्या वसतिगृहाचा हा फसलेला प्रयोग १९०२ च्या आदेशाची पूर्वपीठिका म्हणून ध्यानात घेण्याजोगा आहे. दार सर्वांना उघडे ठेवल्याने सर्वजण आत येतातच असे नाही, हे त्यातून दिसून आले होते.

वेदोक्त प्रकरणाशी संबंध

आदेशाच्या आधीची तीन वर्षे कोल्हापुरात वेदोक्त प्रकरणाने गाजली. १८९९ मध्ये पंचगंगेवर कार्तिकस्नानाच्या प्रसंगी नारायण भट हे पुराणोक्त मंत्र म्हणत असल्याचे महाराजांसोबत असलेले राजारामशास्त्री भागवत यांच्या लक्षात आले. छत्रपतींच्या घराण्यातील विधी वेदोक्त पद्धतीने करण्यास राजोपाध्यांनी नकार दिला. १९०१ च्या ऑक्टोबरमध्ये लोकमान्य टिळकांनी ‘केसरी’तून या वादावर लिहिताना राजोपाध्यांची बाजू उचलून धरली. अखेर १९०२ मध्ये राजोपाध्यांची वतने जप्त करण्यात आली.

नोकऱ्यांचा आदेश हा या वादाचा सूड होता, अशी टीका तत्कालीन विरोधकांनी केली व नंतरच्या काही लेखकांनीही तिचा पुनरुच्चार केला. कालक्रम पाहता ही मांडणी पुरेशी ठरत नाही. भास्कररावांची नेमणूक व पहिले वसतिगृह या दोन्ही गोष्टी वेदोक्त प्रकरणाच्या आधीच्या आहेत. तथापि, त्या प्रकरणामुळे सामोपचाराने बदल घडेल ही महाराजांची आशा मावळली आणि लेखी, बंधनकारक नियमाची गरज त्यांना पटली, एवढा संबंध मान्य करावा लागतो.

आदेशाचे स्वरूप

आदेश प्रसिद्ध झाला त्या दिवशी महाराज कोल्हापुरात नव्हते. सातव्या एडवर्डच्या राज्यारोहण समारंभासाठी ते इंग्लंडला गेले होते. २६ जूनला ठरलेला हा समारंभ बादशहाच्या शस्त्रक्रियेमुळे लांबणीवर पडून ९ ऑगस्ट १९०२ रोजी झाला. या मुक्कामातच केंब्रिज विद्यापीठाने महाराजांना एलएल.डी. ही सन्माननीय पदवी दिली. संस्थानाचा कारभार त्या काळात दिवाण रघुनाथराव व्यंकाजी सबनीस यांच्याकडे होता. सबनीस हे चांद्रसेनीय कायस्थ प्रभू होते, म्हणजे आदेशाने ज्या जातींना राखीव जागांतून वगळले त्यांपैकी एका जातीचे. कोल्हापुरातील संघर्षाचे चित्र सरळ दोन तटांत विभागता येत नाही, याचे हे एक उदाहरण आहे.

आदेशाच्या प्रास्ताविकात त्याचे कारण दिले आहे. संस्थानातील सर्व वर्गांच्या प्रजेत शिक्षणाचा प्रसार व्हावा म्हणून गेल्या काही वर्षांत प्रयत्न झाले, पण अधिक मागासलेल्या वर्गांच्या बाबतीत त्यांना अपेक्षित यश आले नाही, असे त्यात खेदाने नमूद केले आहे. उच्च शिक्षणाची फळे पुरेशा व्यापक प्रमाणात वाटली जात नाहीत, हे त्याचे कारण सांगितले आहे. शिकून नोकरी मिळण्याची आशाच नसेल तर शेतकरी आपला मुलगा शाळेत कशासाठी अडकवून ठेवील, असा या युक्तिवादाचा आशय होता. शिक्षण आधी आणि नोकरी नंतर, हा सर्वमान्य क्रम येथे उलटा करण्यात आला. नोकरीची हमी हे शिक्षणाकडे ओढून आणण्याचे साधन मानले गेले.

प्रत्यक्ष हुकमात तीन तरतुदी होत्या. आदेश मिळाल्याच्या तारखेपासून रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी ५० टक्के जागा मागासलेल्या वर्गांतील उमेदवारांनी भरावयाच्या होत्या. ज्या कचेऱ्यांत या वर्गांतील अंमलदारांचे प्रमाण निम्म्याहून कमी असेल, तेथील पुढची नेमणूक याच वर्गांतील व्यक्तीला द्यावयाची होती. आणि आदेशानंतर झालेल्या सर्व नेमणुकांचा तक्ता प्रत्येक खातेप्रमुखाने दर तीन महिन्यांनी सरकारला सादर करावयाचा होता.

यांपैकी पहिली तरतूद प्रसिद्ध आहे. व्यवहारात अधिक कठोर होती ती दुसरी. कारकुनांच्या ५०० जागांपैकी ब्राह्मणेतरांकडे १० जागा असलेल्या राज्यात जवळजवळ प्रत्येक कचेरी ‘निम्म्याहून कमी’ याच वर्गात मोडत होती. त्यामुळे अशा कचेरीत समतोल साधेपर्यंत दर दोन जागांमागे एक नव्हे, तर पुढची येणारी जागाच मागासलेल्या वर्गाला द्यावी लागणार होती. मात्र दोन्ही तरतुदी नव्याने रिकाम्या होणाऱ्या जागांपुरत्याच होत्या. नोकरीत असलेल्या कोणालाही काढून टाकण्याचा हुकूम त्यात नव्हता. तिसऱ्या तरतुदीने अंमलबजावणीवर नजर ठेवण्याची सोय झाली. खातेप्रमुख बहुतेक जुन्याच वर्गातील असल्याने, दर तिमाहीला लेखी हिशेब मागितला नसता तर हुकूम दप्तरात पडून राहण्याचा धोका उघड होता.

‘मागासलेले वर्ग’ या शब्दाची व्याख्या आदेशाने नकारार्थी केली. ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी व इतर पुढारलेले वर्ग वगळून बाकी सर्व जाती मागासलेल्या समजाव्यात, असे त्यात म्हटले होते. मागास जातींची यादी तयार करण्याऐवजी पुढारलेल्यांची छोटी यादी देण्याची ही पद्धत आजच्या पद्धतीच्या नेमकी उलट आहे. तीमुळे मराठा, कुणबी, जैन, लिंगायत, मुसलमान, कारागीर जाती आणि त्या काळी अस्पृश्य मानलेल्या जाती हे सर्व एकाच वर्गात आले.

प्रतिक्रिया

पुण्या-मुंबईच्या व दक्षिण महाराष्ट्रातील ब्राह्मण वर्तुळांत आदेशाचे स्वागत झाले नाही. नोकरीचा निकष पात्रता असावा, जात नव्हे, हा मुख्य आक्षेप होता. त्याचे उत्तर म्हणून एक हकिकत कोल्हापूर-सांगली भागात आजही सांगितली जाते. सांगलीचे वकील गणपतराव अभ्यंकर यांनी हा आक्षेप घेतला तेव्हा महाराजांनी त्यांना पागेत नेले आणि सर्व घोड्यांचे चंदीचे हरभरे एकाच जागी पसरून टाकावयास लावले. धडधाकट घोड्यांनी हरभरे फस्त केले, लाथा खाऊन अशक्त जनावरे व शिंगरे मागेच राहिली, आणि दुबळ्यांचा वाटा वेगळा का ठेवावा लागतो ते वकिलांना शब्दांवाचून समजले, असा तिचा सारांश. तिची अनेक रूपांतरे प्रचलित असल्याने ती आख्यायिका म्हणूनच घ्यावी लागते. मात्र आदेशाची स्मृती गॅझेटातील मजकुरापेक्षा या गोष्टीच्या रूपानेच लोकांत अधिक टिकून राहिली आहे.

परिणाम आणि मर्यादा

नोकरवर्गाच्या रचनेत एका पिढीच्या आत फरक पडला. १९१२ सालच्या म्हणून दिल्या जाणाऱ्या आकड्यांनुसार ९५ अधिकाऱ्यांपैकी ब्राह्मण ३५ होते. वसतिगृहांतून शिकलेल्या मुलांना नोकरीची वाट दिसू लागल्याने त्या संस्थांनाही अर्थ आला. आण्णासाहेब लठ्ठे हे जैन समाजातील विद्वान राजाराम कॉलेजात प्राध्यापक होते. पुढे ते संस्थानाचे दिवाण झाले आणि शाहू महाराजांचे इंग्रजी चरित्रही त्यांनीच लिहिले.

आदेशाची सर्वांत मोठी उणीव त्याच्या व्याख्येतच होती. सर्व ब्राह्मणेतरांना एकाच वर्गात घातल्यामुळे, त्यांच्यात आधी शिकलेले व जमीन बाळगून असलेले समाज पुढे सरकले. मराठा, जैन व लिंगायत तरुणांना प्रथम लाभ झाला. अस्पृश्य जातींसाठी स्वतंत्र हिस्सा त्यात नव्हता आणि त्यांच्यात साक्षरांची संख्या नगण्य असल्याने कागदावरील समान हक्काचा त्यांना लगेच उपयोग झाला नाही. महाराजांच्या पुढील निर्णयांचा रोख पाहता ही उणीव त्यांच्या ध्यानात आली असावी. १९०८ मध्ये अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह निघाले. १९१७ मध्ये सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा निर्णय झाला. १९१८ मध्ये महार वतन रद्द करून त्या जमिनी रयतावा करण्यात आल्या. १९१९ मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्यांच्या मुलांना सर्वसामान्य शाळांत घेण्याचा हुकूम निघाला.

१९१८ मधील कुलकर्णी वतनाचे उच्चाटन हेही १९०२ च्या आदेशाच्या संदर्भात पाहणे आवश्यक आहे. राखीव जागांचा नियम कचेरीतील नेमणुकांना लागू होत असे. गावातील कुलकर्णीपण मात्र वंशपरंपरागत असल्याने तेथे नेमणुकीचा प्रश्नच उद्भवत नव्हता. वतन रद्द होऊन पगारी तलाठी नेमले जाऊ लागले, तेव्हा गावपातळीवरील दप्तरही प्रथमच नेमणुकीच्या कक्षेत आले. १९०२ मध्ये शहराच्या कचेरीत सुरू झालेला बदल खेड्यात पोहोचण्यास सोळा वर्षे लागली.

२१ व २२ मार्च १९२० रोजी कागल जहागिरीतील माणगाव येथे डॉ. भीमराव आंबेडकर यांच्या अध्यक्षतेखाली अस्पृश्यांची परिषद भरली. तिला महाराज स्वतः उपस्थित होते. त्याच वर्षी ३१ जानेवारीला सुरू झालेल्या आंबेडकरांच्या ‘मूकनायक’ पाक्षिकालाही त्यांनी आर्थिक साहाय्य केले होते.

इतर प्रांतांतील समांतर घडामोडी

नोकऱ्यांतील वाट्याचा प्रश्न कोल्हापुरापुरता नव्हता. त्रावणकोरात १८९१ मध्ये ‘मल्याळी मेमोरियल’ या अर्जाद्वारे सरकारी नोकऱ्यांत स्थानिकांना वाटा मागण्यात आला होता, पण ती प्रजेची मागणी होती, सरकारचा हुकूम नव्हे. म्हैसूर संस्थानात १९१८ मध्ये नेमलेल्या मिलर समितीच्या शिफारशींनंतर, आणि मद्रास प्रांतात जस्टिस पक्षाच्या सरकारने १९२१ मध्ये काढलेल्या जातवार प्रतिनिधित्वाच्या आदेशानंतर अशा तरतुदी आल्या. कोल्हापूरचा आदेश या दोहोंच्या जवळजवळ दोन दशके आधीचा आहे.

नंतरच्या चर्चेतील स्थान

शाहू महाराजांचे ६ मे १९२२ रोजी मुंबईत निधन झाले. १ मार्च १९४९ रोजी संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि त्याच्या नोकऱ्यांचा स्वतंत्र प्रश्न संपला. तोवर भारताच्या संविधान सभेत मागास वर्गांसाठी जागा राखण्याच्या तरतुदीवर चर्चा होऊन गेली होती. ३० नोव्हेंबर १९४८ च्या भाषणात डॉ. आंबेडकरांनी या तरतुदीचे समर्थन करतानाच, राखीव जागा एकूण जागांच्या अल्पांशापुरत्या असाव्यात, अन्यथा समान संधीचे तत्त्वच नष्ट होईल, असे सांगितले. १९६२ च्या बालाजी खटल्यात व १६ नोव्हेंबर १९९२ च्या इंद्रा साहनी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने आरक्षणाला ५० टक्क्यांची मर्यादा घातली.

कोल्हापूरच्या आदेशातील ५० टक्के व या निकालांतील ५० टक्के हे आकडे एकच दिसत असले तरी त्यांचा अर्थ भिन्न आहे. १९०२ मध्ये ५० टक्के हा मागासलेल्या वर्गांचा किमान वाटा होता; त्याहून अधिक जागा त्यांना मिळण्यास कोणतीही आडकाठी नव्हती. १९९२ मध्ये तोच आकडा कमाल मर्यादा ठरला. लेखांत व भाषणांत या दोहोंची गल्लत वारंवार केली जाते.

मराठा आरक्षणाच्या वादातही या आदेशाचा आधार घेतला जातो. कोल्हापूरच्या व्याख्येत मराठा समाज मागासलेल्या वर्गांत होता, हे समर्थक निदर्शनास आणतात. नकारार्थी व्याख्येमुळे सर्वच ब्राह्मणेतर जाती त्या वर्गात आल्या होत्या, त्यावरून आजच्या निकषांवरील मागासलेपण सिद्ध होत नाही, असे विरोधक म्हणतात. महाराष्ट्र शासनाने २०१८ मध्ये केलेला मराठा आरक्षणाचा कायदा सर्वोच्च न्यायालयाने ५ मे २०२१ रोजी ५० टक्क्यांच्या मर्यादेच्या आधारे रद्द ठरवला. २०२४ मध्ये राज्य विधिमंडळाने १० टक्के आरक्षणाचा नवा कायदा संमत केला.

तारखेविषयी

२६ जुलै आणि २६ जून या दोन तारखांची अनेकदा सरमिसळ होते. शाहू महाराजांचा जन्म २६ जून १८७४ रोजी झाला, ही तारीख आता अधिकृतरीत्या स्वीकारलेली असून महाराष्ट्र शासन हा दिवस सामाजिक न्याय दिन म्हणून पाळते. काही लेखनात, विशेषतः हिंदी पुस्तकांत, जन्मतारीख २६ जुलै १८७४ अशी दिलेली आढळते. त्यामुळे उत्तर भारतातील काही कार्यक्रमांत २६ जुलै हा दिवस जयंती म्हणून साजरा होतो, तर महाराष्ट्रातील सामाजिक संघटना तोच दिवस १९०२ च्या आदेशाच्या स्मरणार्थ ‘आरक्षण दिन’ म्हणून पाळतात. कोल्हापुरात जयंतीचे मुख्य कार्यक्रम २६ जूनलाच होतात. त्यांचे एक केंद्र असलेल्या दसरा चौकात महाराजांचा पुतळा आहे आणि त्यांच्या काळात निघालेल्या वसतिगृहांपैकी काही याच चौकाच्या परिसरात आहेत.